शे आणि छे

"आई, एकच गोष्ट लक्षात ठेव. तिथे गेल्यावर 'शे' म्हणायचं नाही."

एसटीने नवापूर मागे टाकलं होतं आणि रस्त्याकडेच्या पाट्या गुजराती झाल्या होत्या. माझ्या सासूबाई खिडकीच्या गजांना नाक लावून त्या पाट्या वाचायची खटपट करत होत्या.

"मंग काय म्हनानं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"'आहे' म्हणायचं. खरं तर काहीच म्हणायचं नाही. घरमालकिणीशी मी बोलेन. तू नुसती बस."

"सूरतमा 'आहे' कोन म्हनस रे?" आई म्हणाल्या. "आन हाई देख. ह्या लोकेस्नी अक्षरस्ना डोकावरनी रेघ पुसी टाकी. बठ्ठं बोडकं करी टाकं."

पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून हसला. कुंदनने कपाळाला हात लावला. मी ओढणी तोंडाशी धरली, कारण माझं हसू एकदा सुटलं की आवरत नाही आणि त्या दिवशी मला नवऱ्याचा मूड जपायचा होता. आम्ही सुरतेला घर पाहायला निघालो होतो.

मी फार खुशीत होते, हे आधीच सांगून टाकते. लग्न झाल्यापासून माझा नवरा रविवारचा. कुंदन (मनात मी त्याला कुंदन म्हणते, आईंसमोर अहो) जळगावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये कंत्राटावर होता. पिंप्राळ्यात मित्रांबरोबर घेतलेल्या खोलीत राहायचा, आठवड्याचे मळके कपडे घेऊन धुळ्याला यायचा आणि धुतलेले घेऊन जायचा. देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी, माझी मुलगी आणि आई. मुलगी तर बापाला पाहुणाच समजायची, त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायची. आता त्याला हजिऱ्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. कायमची! फोन आला तेव्हा मी गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं आणि आई ओरडल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

'शे'चं प्रकरण मात्र जुनं होतं. आमच्या घरात आई अहिराणी बोलतात, म्हणजे अस्सल, शिरपूरकडची. कुंदनही लहानपणी तीच बोलायचा. जळगावला नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवशी तो साहेबांना म्हणाला, "सर, ॲसिड संपी गयं." तेव्हापासून लॅबमध्ये त्याचं नावच 'संपी गयं' पडलं. जेवायच्या सुट्टीत कुणी डबा उघडला की विचारायचं, भाजी संपी गयं का? त्या दिवसापासून त्याने अहिराणी तोंडातून अशी पुसून काढली की आता तो माझ्याशी भांडतानाही पुस्तकातल्यासारखा भांडतो. मला त्याचा राग येतो तो त्यामुळेच.

घोडं अडलं होतं आईंपाशी. कुंदन शाळेत असतानाच त्याचे वडील गेले. आईंनी शाळेत खिचडी शिजवून, उन्हाळ्यात लोकांचे पापड लाटून त्याला शिकवलं. नवरा नाही, शेत नाही, दागिना नाही. होतं ते तोंड. भाजीवाली, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कुणीही त्यांच्या तावडीतून दहा मिनिटांच्या आत सुटलेलं मी पाहिलेलं नाही. एखाद्या दिवशी बोलायला कुणी भेटलं नाही तर त्यांचं डोकं दुखतं. नाटक नाही, खरंच दुखतं. मी बाम चोळलेला आहे. सुरतेचं कळल्यावर त्यांनी शांतपणे एकच अट घातली होती.

"जठे माले बोलाले मानूस नही, तठे मी येवाव नही. तुम्ही बठ्ठा जा. मी आठेच राहसू."

आणि कुंदन म्हणाला होता, आईला एकटं टाकून मी जाणार नाही. दोघेही शब्दाचे पक्के, म्हणजे हट्टी. आईंना मानवेल असं घर मिळालं तर नोकरी, नाही तर पुन्हा पिंप्राळा, मळके कपडे आणि रविवार. मुलीला पाचोऱ्याला माझ्या आईकडे ठेवून आम्ही तिघं एसटीत बसलो.

घरं दोन होती. एक आईंच्या धाकट्या भावाने, तोताराम मामांनी, दिंडोलीत पाहून ठेवलेलं. मामा उमेदीच्या वयात सुरतेला आले ते साड्यांच्या कारखान्यात चिकटले. दिंडोली म्हणजे सुरतेतलं खानदेशच. दुसरं घर होतं अडाजणला, तापीच्या पलीकडे. कंपनीची बस तिथूनच सुटते. ते कुंदनने एका दलालाकडून शोधलं होतं. आईंचं मन दिंडोलीत आणि आमचं दोघांचं अडाजणला, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण तिघांनाही माहीत होतं.

मामांनी आम्हाला स्टँडवरून थेट दिंडोलीला नेलं. रिक्षातून उतरलो तर समोरच्या दुकानावर मराठी पाटी, 'येथे कळण्याचे पीठ मिळेल,' म्हणजे आमच्या ज्वारी-उडदाच्या भाकरीचं. शेजारी कानबाई देवीच्या उत्सवाचा गेल्या वर्षीचा फलक, त्यावर पंधरा-वीस जणांचे फोटो आणि सगळे मिशीवाले. एक बाई ओट्यावर तूर पाखडत होती. पाहुणे आलेले पाहून तिने मामांना हाक मारली, "पाव्हना उनात का रे भाऊ?"

"अक्का, आते सांग," मामा छाती काढून म्हणाले, "हाई सूरत शे का धुये शे?"

आईंचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. तुरीवाल्या बाईच्या सुपाशेजारी त्या जाऊन बसल्यासुद्धा. तिचं नाव कमलबाई. कुठली, कोणाची, याची चौकशी सुरू झाली आणि पाणी यायच्या आत निघालं की ती थाळनेरच्या पलीकडच्या गावची, म्हणजे आईंच्या माहेरच्या शेजारची, आणि आईंच्या चुलत आत्याची दूरची नणंद. दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळ्या दिल्या.

घर मामांच्या घराला लागूनच होतं. वर दोन खोल्या, लोखंडी जिना, वापरायला गच्ची. वाईट नव्हतं. मी मोरी पाहिली, भिंतीची ओल पाहिली, गच्चीवर जाऊन आले. तेवढ्यात कमलबाई माझ्या मागोमाग वर आल्या.

"आठे तुले काही तरास नही, पोरी. बठ्ठा आपलाच शेतस," त्या म्हणाल्या. मग माझ्या पोटाकडे पाहून, "एकच पोर शे ना तुले? दुसरं काबर नही?"

झालं. माझा पारा चढला, पण पाहुणी होते म्हणून हसले. देवपुरात हा प्रश्न मला दळण टाकताना, नळावर, लग्नात, मयतीत विचारला जातो. मी धुळ्यातून निघून धुळ्यातच येणार होते. आणि कुंदन जिन्यात उभा राहून मोबाइलवर रस्ता पाहत होता. इथून कंपनी म्हणजे शहराचं एक टोक आणि दुसरं टोक. अंधारात निघायचं आणि अंधारात परतायचं.

"पुन्हा रविवारच," तो माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाला.

खाली आईंचं हसणं ऐकू येत होतं. इतकं मोकळं हसताना मी त्यांना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. घर ठरलं. आता अडाजणचं नुसतं पाहून यायचं, दलालाला शब्द दिलाय म्हणून.

मामा बरोबर आलेच. अक्काला कुणी परस्पर फितवू नये, याची त्यांना काळजी. रिक्षा पुलावर चढली आणि खाली भलंमोठं पाणी दिसलं.

"हाई कोनती नदी?" आईंनी विचारलं.

"तापी," मामा म्हणाले.

"आपली? थायनेरनी तापी?" आई रिक्षातून अर्ध्या बाहेर वाकल्या. मी त्यांचा पदर धरला. "इतला लांब उनी ती? एकली?"

"सगळ्या नद्या अशाच येतात, आई," कुंदन म्हणाला. आईंनी हात जोडले आणि पूल संपेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या हिशेबाने ते फारच झालं.

दलाल हितेंद्र खाली गेटपाशी उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन हातांत दोन फोन. त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, मामांच्या टोपीपाशी त्याची नजर जरा थांबली. "मकानवाली माजी ज़रा कड़क है," तो कुंदनला म्हणाला. "दो पार्टी वापस भेज दी। उनके सामने कम बोलना।"

कुंदनने आईंकडे पाहिलं. आईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं आणि मान हलवली. मी म्हटलं, बघू किती वेळ टिकतंय.

ते घर! मी खोटं बोलणार नाही, मी दारातच वेडी झाले. स्वयंपाकघराला खिडकी, खिडकीतून झाड. ओटा एवढा लांब की दोन बायका शेजारी शेजारी उभ्या राहून एकमेकींना कोपर न लावता पोळ्या करतील. कपडे वाळत घालायला वेगळी जागा. बाल्कनीत एक झोपाळा टांगलेला, पितळी कड्यांचा. मी नळ सोडून पाहिला, कपाटं उघडून पाहिली, आणि कुणी बघत नाही असं पाहून झोपाळ्यावर टेकूनही घेतलं. कुंदन दारात उभा राहून हसला. तो हसला की शाळेतला मुलगा दिसतो.

मग समोरचं दार उघडलं आणि घरमालकीण आल्या. जसुमतीबेन. किडकिडीत, चष्मा, सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. समोरच्याच घरात राहतात. त्यांनी कुंदनला हिंदीत विचारायला सुरुवात केली आणि कुंदन हिंदीत उत्तरं देऊ लागला. आता गंमत अशी की हिंदी दोघांचीही नव्हे. त्यांची गुजरातीत भिजलेली, याची पुस्तकातली.

"मेमान बहोत आते हैं?"

"जी नहीं। हमारे यहाँ मेहमान बिलकुल नहीं आते।"

मागे मामा मोठ्याने खाकरले.

"घर में शांति चाहिए मेरे को।"

"जी, हमारा परिवार अत्यंत शांतिप्रिय है।"

जसुमतीबेनच्या कपाळावर आठी पडली. त्या हितेंद्रकडे वळल्या आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "ना भाई, मने बराबर नथी लागतुं. घरमां केटला जण छे, ए ज समजातुं नथी."

"चार जन शेतस," आई म्हणाल्या.

कुंदनने डोळे मिटले. जसुमतीबेननी चष्म्यावरून आईंकडे पाहिलं. आईंचा पदर केव्हाच तोंडावरून सुटला होता.

"बधा साथे रहेशो?"

"बठ्ठा संगेच राहसूत. दुसरं कोठे जासूत?"

"अने आ वहु छे?"

"हाई मनी सून शे. पाचोरानी शे. हसस भलती, पन कामनी शे."

"पाणी पीशो?"

"पिसू ना. ऊनमातीन उनूत."

जसुमतीबेन पाणी आणायला गेल्या त्या तांब्या-पेला घेऊनच आल्या आणि थेट आईंसमोर खाली जमिनीवर बसल्या. आमच्यापैकी कुणालाही त्यांनी बसायलासुद्धा सांगितलं नाही. कुंदन, मी, मामा आणि दलाल, चौघं भिंतीला टेकून उभे. आई घटाघटा पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड पुसलं आणि त्या बाईकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तू शिरपूरकडनी का वं बहिन?"

"शिरपुर? ना रे, हुं तो अहींनी ज. तमे सोनगढ बाजुना?"

"सोनगड कोठे ऱ्हायनं? आम्ही धुयाना. कोनी पोर तू?"

दोघीही एकमेकींना आपापल्या तालुक्यात बसवायला बघत होत्या. आईंना खात्री होती की ही आपल्याकडचीच बाई, शहरात येऊन जीभ जराशी घसरलेली. त्या बाईला वाटत होतं, ही आपलीच, पण फार आडगावात वाढलेली. बोलणं गुडघ्यांवर गेलं, ताकावर गेलं, मग वांग्यावर. तिथे गाडी अडली. आई म्हणाल्या वांगं, त्या म्हणाल्या रींगण, दोघींनी हाताने गोल करून दाखवला, शेवटी जसुमतीबेन उठून घरातून एक वांगं घेऊन आल्या. मग 'हां हां हां' असा गजर झाला. भरीत कसं करायचं, यावर आईंनी त्यांना धडा दिला आणि त्यांनी आईंना, आणि दोघींनीही दुसरीचं अजिबात ऐकलं नाही.

मला हसू आवरेना. मी बाल्कनीत जाऊन पोट धरून हसले. परत आले तेव्हा जसुमतीबेन कमरेचा जुडगा सोडत होत्या. त्यातली एक किल्ली काढून त्यांनी ती कुंदनला नव्हे, आईंना दिली.

"माजी ने किसी को पहले दिन चाबी नहीं दी," हितेंद्र कुंदनला म्हणाला. "आपकी माताजी गुजराती हैं, ये आपने पहले क्यों नहीं बताया?"

गेली इतकी वर्षं ज्या बोलीला कुंदन दाराबाहेर चपलांपाशी ठेवत होता, तिनेच आत जाऊन घर मिळवलं होतं. त्याने एकदम वाकून आईंच्या पायाला हात लावला. असं तो दिवाळीलाही करत नाही.

पण घर मिळणं वेगळं आणि आईंनी यायला तयार होणं वेगळं. खाली उतरलो. आई विजयी चेहऱ्याने किल्ली पदराला बांधत होत्या.

"देखं? शिरपूरकडनीच शे ती. नक्की. आते शहरमा ईसन 'शे'ले 'छे' म्हनस, इतलंच."

"आई," कुंदन हसत हसत म्हणाला, "ती गुजराती आहे गं. अस्सल सुरती. तिला अहिराणी येत नाही."

आई चालता चालता थांबल्या. "काबर नही? माले त समजनं बठ्ठं."

"बठ्ठं?" मामांनी विचारलं. त्यांना हीच संधी हवी होती.

आईंनी विचार केला. त्यांना खोटं बोलता येत नाही, तेवढा त्यांना वेळच नसतो. "निम्मं," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड उतरला. कुंदनचं हसू तिथेच विरलं. मला त्याला चिमटा काढावासा वाटला. कशाला सांगितलंस, राहू द्यायची ना ती शिरपूरची.

संध्याकाळी मामांच्या घरी चहा झाला. मामांनी विषय सोडला नाही. इथे कानबाई बसते, इथे मयतीला माणसं मिळतात, तिथे पुलापलीकडे कोण आहे अक्काला? पोरगा कामावर, सून पोरीच्या मागे, आणि ही दिवसभर त्या गुजरातणीबरोबर अर्ध्या गोष्टी करत बसणार? ते सगळं खरंच होतं. मला ते घर इतकं हवं होतं की तोंड उघडलं असतं तर मी भांडले असते.

"तू सांग, आई," शेवटी कुंदन म्हणाला. "तू म्हणशील ते घर. दिंडोली तर दिंडोली. मी जाईन-येईन."

आई बशीतला चहा फुंकत होत्या. बाहेर ओट्यावरून कमलबाईंचा आवाज येत होता.

"कमलबाई चांगली शे," त्या म्हणाल्या. "मी कोनी, कोठली, मना मानूस कसा गया, मी कसा दिवस काढात, तिले बठ्ठं माहित शे. मी तोंड उघाडाना पहिलेच तिले समजस. मंग मी तिले सांगू काय?"

मामा काही म्हणणार होते. आईंनी बशी खाली ठेवली.

"तिकडे निम्मं समजस, त निम्मं. निम्मं बाकी ऱ्हास. ते दुसरा दिन सांगता येस."

मामा रुसले ते रुसलेच. मी आत जाऊन मामींच्या गळ्यात पडले, कारण आईंच्या पडायची माझी हिंमत झाली नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं की त्यांनी ते माझ्यासाठी आणि कुंदनसाठी केलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी बोलणं वांग्यावर नेलं असतं.

आम्ही सामान घेऊन आलो. मुलीने झोपाळ्याचा ताबा घेतला. कुंदन उजेड असतानाच घरी येऊ लागला आणि पहिले काही दिवस मुलगी त्याच्यासाठी खुर्ची पुसत राहिली, मग विसरली. मी स्वयंपाकघरात त्या झाडाकडे बघत पोळ्या करायला लागले आणि माझं वजन वाढलं. आई रोज संध्याकाळी खाली बाकावर जसुमतीबेनबरोबर बसायच्या. त्यांची तिथे एक तिसरीच भाषा तयार झाली होती, ती त्या दोघींशिवाय कुणाला येत नव्हती. त्यांचं डोकं दुखलं नाही. बामची बाटली मी कपाटात मागे सरकवली.

दिवाळीच्या आधीची संध्याकाळ. मी करंज्या तळून झाल्या म्हणून चहा घेऊन खाली गेले. गेटवर मुलं फटाके वाजवत होती. आई आणि जसुमतीबेन बाकावर पाठमोऱ्या होत्या. आईंचा आवाज मला नेहमीपेक्षा हळू वाटला, म्हणून मी जरा थांबले.

त्या कुंदनच्या वडिलांबद्दल सांगत होत्या. मी सून होऊन आले तेव्हापासून मला ती गोष्ट तुकड्यातुकड्यांत माहीत होती, पण आईंच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. धुळ्यात ती सांगायला माणूसच नव्हतं. सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती, सगळे त्या दिवशी तिथे होते. बोलता बोलता दिवस काढणाऱ्या या बाईने हीच एक गोष्ट कुणाला सांगितलेली नव्हती, आणि आता ती पहिल्यापासून, एकेक शब्द लावून सांगत होती.

"दिवाईना दिन व्हता. पोऱ्याले फटाकड्या लेवाले त्या बजारमा गयात. मी घरमा करंज्या तयी राह्यनू. वाट देखी राह्यनू. आन त्या तठेच वारनात, बहिन. भर बजारमा वारनात."

जसुमतीबेन हसल्या. अगदी मनापासून, आईंच्या मांडीवर थाप मारून.

"वार लागी? लो! पुरुषोने तो बजारमां वार लागे ज ने!"

गुजरातीत वार लागणं म्हणजे उशीर होणं. दूधवाला रोज सकाळी तेच म्हणत यायचा, त्यामुळे तो शब्द आईंना आणि मलाही पहिल्याच आठवड्यात कळला होता. मी पुढे झाले. मी सांगणार होते, जसुबेन, तसं नाही, वारले म्हणजे गेले, मरण पावले. आईंनी वळून मला पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून.

मग त्या जसुमतीबेनकडे वळल्या आणि हसल्यासुद्धा.

"हां वं बहिन," त्या म्हणाल्या. "वार लागनी. भलतीच वार लागनी."

आणि माझ्या हातातल्या ट्रेमधला एक कप उचलून त्यांनी तो आधी जसुमतीबेनच्या हातात दिला.